अमावास्येची सुट्टी

“वहिनी, पान छत्रीपासून लांब ठेवा हां!” कुंदन खिडकीतून ओरडला. “मागच्या टायमाला कावळा आमच्या सिग्नलवरच येऊन बसला होता.”

“मग काय हात धरून बसवू त्याला?” मंजुळावहिनी गवतात केळीचं पान मांडत म्हणाल्या. “ज्याचं घर हाय, तो पायजे तिथं बसेल.”

घर म्हणजे शिरगावच्या किनाऱ्यावरची दोन खोल्यांची चौकी आणि तिच्यामागे उभी अँटेनाची पांढरी छत्री. एका संशोधन संस्थेचं छोटंसं यान इथून चालवलं जायचं. ते पृथ्वीभोवती फिरता फिरता सूर्याकडे टक लावून बसायचं आणि दुपारी शिरगाववरून जाताना अकरा मिनिटं कुंदनच्या तावडीत सापडायचं. तेवढ्यात त्याची खुशाली विचारायची, पुढचे हुकूम वर चढवायचे, आठवड्यातून एकदा त्याचा तोल सावरायचा. संस्थेच्या दृष्टीने हे विज्ञान होतं. कुंदनच्या बायकोच्या दृष्टीने अकरा मिनिटांची नोकरी.

मंजुळावहिनींचे यजमान, प्रदीपदादा, या चौकीचे पहिले चालक. कुंदनला सगळं काम त्यांनीच शिकवलं. दीड वर्षापूर्वी याच खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. म्हणजे जगातून गेले. कामावरून काही गेले नाहीत.

त्याचं असं झालं. दादांच्या घराण्यात अमावास्येला होडी पाण्यात लोटत नसत. “आज्यानं लोटली नाय, बापानं लोटली नाय, मी कशी लोटू?” असं म्हणून दादांनी यानालाही सुट्टी लावून दिली. दर अमावास्येला दुपारी बारा दहाला यानाने सूर्याकडे पाठ फिरवायची, तासभर डोळा मिटायचा, मग परत वळायचं. पंचांग पुढ्यात घेऊन त्यांनी पाच वर्षांच्या अमावास्या यानाच्या मेमरीत भरून टाकल्या आणि मुख्य ऑफिसला सांगायचं राहून गेलं. तिकडे शास्त्रज्ञांना शोध लागला, की दर साडेएकोणतीस दिवसांनी सूर्य तासभर गप्प बसतो. त्यावर दोन निबंध छापून आले. एकाला तर परदेशात टाळ्या पडल्या.

दादांनंतरच्या पहिल्या अमावास्येला कोणी हात न लावता पडद्यावरची, यानाचं तोंड कुठे आहे ते दाखवणारी रेघ कलंडली, तेव्हा कुंदनचा चहा कीबोर्डवर सांडला. त्याने वहिनींना जाऊन सांगितलं. तेव्हापासून त्या दर अमावास्येला भात आणि तळलेला बोंबील घेऊन येत. बाहेर कावळा पानाला शिवायचा, आत रेघ कलायची. त्या वेळी आपल्या खुर्चीच्या पाठीवर कोणीतरी कोपर टेकलंय असं कुंदनला वाटायचं. तो मान वळवून बघत नसे. उगाच कशाला?

पावणेबाराला फोन वाजला. मुख्य ऑफिसच्या हिना मॅडम होत्या.

“कुंदन, काल सूर्यावर मोठा स्फोट झालाय. संध्याकाळपर्यंत त्याचं वादळ यानावर येऊन धडकेल. मेमरीतले सगळे हुकूम पुसा आणि यानाला झोपवा.”

“सगळे?”

“सगळे! वादळात एक आकडा जरी फिरला ना, तर ते नको त्या वेळी नको तिकडे तोंड करून बसेल. ऊन मिळालं नाही की बॅटरी संपली, विषय संपला. आजची दुपार हुकवू नका, उद्या ते असेल की नाही सांगता येत नाही.”

“त्यात काही हुकूम जुने हायेत, मॅडम.”

“जुने? कोणाचे?”

कुंदनने घसा खाकरला. “असेच.”

फोन ठेवून तो बाहेर आला. वहिनी पानावरच्या माश्या वारत होत्या.

“वहिनी, दादांचं सगळं पुसायला लागतंय. आजच. नायतर यान मरेल.”

वहिनींचा हात थांबला. “किती उरल्यात?”

“आजची धरून एकतीस.”

“मला वाटलेलं, तवर मी पण जाईन. दोघांचं बरोबरच संपेल.” त्या पानाकडे बघत राहिल्या. “आजची तरी होऊ दे रे.”

कुंदनने मनात हिशेब मांडला. बारा चारला यान उगवणार, बारा दहाला वळणार, बारा पंधराला मावळणार. वळलं की पुसायचं आणि झोपवायचं; झोपेत ते आपसूक सूर्याकडेच तोंड करतं. पाच मिनिटं मिळतात, रग्गड झाली.

बारा चारला सिग्नल आला. बारा दहाला रेघ अलगद कलली. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. कुंदनने पुसण्याचा हुकूम टाईप केला, बटण दाबलं.

‘पोचला नाही.’

परत दाबलं. ‘पोचला नाही.’ सिग्नलच तुटला होता. तो धावत बाहेर आला. छत्रीच्या मधोमध, सिग्नल झेलणाऱ्या डब्यावर, कावळा बसला होता. पानाकडे ढुंकूनही बघत नव्हता.

कुंदनने दगड उचलला आणि खाली टाकला. अमावास्येचा कावळा, त्यात याच घरचा! त्याने हात जोडले. माणसाची काही इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, मग आपण ती पुरी करायचं कबूल करायचं, एवढं त्याला ठाऊक होतं.

“दादा, होडीला रंग काढतो! खुर्चीला तेल घालतो! दादा, वहिनींना काय कमी पडू देनार नाय! मॅडमला सगळं खरं सांगतो, तुमचं नाव छापायला लावतो!”

कावळ्याने मान तिरकी केली. बारा तेरा.

“दादा, उतरा हो! तुमचंच यान हाय!”

मागून वहिनी आल्या. पदर खोचलेला. त्यांनी पायातली चप्पल काढली.

“अवो, उठा आता,” त्या वर बघून म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, सकाळी हाक मारावी तसा होता. “बास झालं काम. जा.”

आणि चप्पल भिरकावली.

कावळा उडाला. सुरूच्या झाडांवरून खाडीच्या अंगाला गेला. कुंदन आत पळाला. बारा चौदाला पडद्यावर उमटलं: ‘पोचला. शिल्लक हुकूम: शून्य.’ मग यान झोपलं आणि मावळलं. कुंदन खुर्चीला टेकला. पाठीमागे कोणी नव्हतं. या वेळी त्याने वळून बघितलं.

तो बाहेर आला तेव्हा वहिनी डबा आवरत होत्या.

“वाचलं का?”

“झोपलंय. वादळ गेल्यावर उठेल.”

“बरं झालं.”

चप्पल छत्रीत अडकून राहिली होती. कुंदन शिडी आणायला निघाला.

“राहू दे रे,” वहिनी म्हणाल्या. “चढू नको उन्हाचा.”

त्यांनी पायातली दुसरी चप्पलही काढली, हातात घेतली आणि तापलेल्या रेतीवरून अनवाणी, न थांबता, एकदाही वर न बघता गावाकडे चालू लागल्या.