भाऊजींचा हँडिकॅप

दात उपटताना ‘काही दुखणार नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे आमचे डॉक्टर गोल्फच्या बाबतीतही तितकंच खरं बोलत. क्लबच्या फळ्यावर त्यांचा हँडिकॅप बारा होता आणि तो बाराच राहावा म्हणून ते जिवाचं रान करत. चेंडू कमी फटक्यांत खळग्यात गेला की हा आकडा लहान होतो, आणि आकडा जितका लहान तितका खेळाडू मोठा. त्यामुळे खेळ फसला की फटक्यांचं कार्ड केराच्या टोपलीत आणि जमला तरच क्लबच्या ऑफिसात. हल्ली गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ऑफिसात जायची वेळच आली नव्हती.

“वर्षभरात तुमचं एकही कार्ड नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “आज संध्याकाळपर्यंत आलं नाही तर हँडिकॅप बंद पडेल. मग जोड्यांच्या स्पर्धेतूनही नाव जाईल.”

जोडीला वहिनी होत्या. थोरला भाऊ गेल्यापासून त्या हौसेने घराबाहेर पडत त्या या खेळापुरत्याच. स्पर्धेत नावही त्यांनी आपणहून दिलं होतं. आता त्यांना तोंड कसं दाखवायचं, या विचाराने डॉक्टरांनी त्यांना तिथूनच फोन करून बोलावून घेतलं.

दोघं लगेच मैदानात उतरले. नियमाप्रमाणे एकाचे फटके दुसऱ्याने लिहायचे. डॉक्टरांचा एक चेंडू तळ्यात गेला, दुसरा झुडपात आणि वाळूच्या खड्ड्यात तर ते मुक्कामालाच राहिले. दर वेळी म्हणायचे, वारा फिरला. झाडाचं पान हलत नव्हतं. वहिनी लिहीत होत्या.

खेळ संपल्यावर सही करायला डॉक्टरांनी कार्ड हातात घेतलं आणि ते थबकले.

“वहिनी, खड्ड्यापाशी नऊ झाले. तुम्ही पाच लिहिलेत.”

“असतील. मी नीट मोजलं नाही.”

उभा जन्म गणित शिकवण्यात गेलेली बाई हे म्हणत होती. पुढेही तीन-चार ठिकाणी हात असाच सैल सोडलेला. डॉक्टरांना आधी रागच आला.

“माझी कीव करताय?”

वहिनी बाकावर बसल्या. “ह्यांचा खेळ उतरायला लागला तेव्हा मी फटके बोटावर मोजून दाखवायचे. चिडून त्यांनी कार्ड भरणं सोडलं. मग खेळणं सोडलं. मग नुसते खिडकीत बसून राहिले. तुम्हाला तसं बसलेलं मला बघवणार नाही, भाऊजी. पाच तर पाच.”

स्वतःच्या आकड्यापायी आपण वहिनींना किती घाबरवून ठेवलं, याची डॉक्टरांना मनापासून लाज वाटली. त्यांनी पेन्सिल घेतली, पाच खोडून नऊ केले, बाकीचेही सुधारले आणि कार्ड वहिनींपुढे धरलं. वहिनींनी सही केली. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बाराचे तेरा झाले.

“पुढे आणखी वाढेल,” डॉक्टर म्हणाले. “वाढू दे. उद्या सकाळी परत येऊ. पण खरे लिहायचे.”

“लिहीन. बोटावर मोजून नाही दाखवणार.”

“दाखवा की. मी काही कुठे जात नाही.”