आईला सगळे प्रश्न पाठ होते

आईने एकतीस वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली होती. त्यामुळे तपासायला बसलेल्या तरुण डॉक्टरने "आज वार कोणता?" असं विचारलं, तेव्हा तिने वार सांगितला, तारीख सांगितली आणि वर, "आता शंभरातून सात वजा करायला सांगाल," असंही सांगून टाकलं. आवाज ऐकू येतात का? नाही. कोणी मागावर आहे असं वाटतं? छे. चष्मा पुसत ती गोड हसली. दहा मिनिटांत डॉक्टरने पेनाला टोपण लावलं.

"मला तर काही दिसत नाही," तो मला म्हणाला. "एकत्र राहिलं की कुरबुरी व्हायच्याच. तुम्हीच जरा विश्रांती घ्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड महिना आई माझ्या हातचं पाणीसुद्धा पीत नव्हती. फक्त बंद पुड्यातली बिस्किटं खायची, तीही पुडा उजेडात धरून, कुठे भोक नाही ना ते पाहून.

"तिचं वजन करा," मी म्हणाले.

"त्याची काही गरज..."

"करा. नाहीतर मी इथून हलत नाही."

त्याने नाइलाजाने आईला काट्यावर उभं केलं. जुन्या केसपेपरवर त्रेपन्न किलो लिहिलं होतं. काटा एकेचाळीसवर थांबला. डॉक्टरने पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

उतरताना आईचा तोल गेला. मी हात धरला, तो तिने हळूच सोडवून घेतला. "राहू द्या. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"सिस्टर, मुलीला 'तुम्ही' म्हणता?" डॉक्टरने विचारलं.

आई त्याच्याकडे झुकली आणि एखाद्या पेशंटबद्दल सांगावं तशा आवाजात म्हणाली, "ही माझी मुलगी नाही. चेहरा तोच आहे, बाई वेगळी. माझ्या मुलीला या लोकांनी कुठेतरी डांबून ठेवलंय. मी बोलले असते तर तिचं बरंवाईट केलं असतं, म्हणून लपवलं; पण आता अंगात त्राण नाही. आणि हिच्या हातचं खाऊन मीच मेले, तर तिला शोधणार कोण?"

डॉक्टर माझ्याकडे वळला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मला विचारलंत कुठे?"

त्याच दुपारी तिला दाखल करून घेतलं. मी दिसले की ती घास खाली ठेवायची, म्हणून मला वॉर्डात जाऊ देत नसत. बाहेरच्या बाकावर बसून मी धुमसत राहायचे. डॉक्टरवर, त्या आजारावर आणि आईवरसुद्धा. माझ्यासाठी ती उपाशी मरत होती आणि मीच तिच्यासमोर जायचं नव्हतं.

औषधं लागू पडायला महिना गेला. मग एका दुपारी तिने स्वतःच मला आत बोलावलं. तिच्यासमोर जेवणाचं ताट होतं.

"किती चिडलेली दिसतेस," ती म्हणाली.

मी डॉक्टरपासून सुरुवात केली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"नवा आहे गं तो. शिकेल हळूहळू."

ते ऐकून मी आणखीच भडकले. पण तिचं जेवण चाललं होतं, म्हणून तोंड बंद ठेवलं.