डावा मंद वाजतो

त्या दिवशी आमच्या ह्यांनी बसमध्ये खिडकीची जागा स्पीकरला दिली. माझ्या चांगल्या शालीत गुंडाळलेला, नऊ किलो वजनाचा डावा स्पीकर खिडकीशी, मध्ये हे, आणि कडेला ये-जा करणाऱ्यांच्या कोपरांचे धक्के खात मी. तीस वर्षांच्या संसारात आपला नंबर कितवा लागतो, हे कळायला बाईला एवढं पुरतं.

बस ह्यांच्या संगीत ऐकणाऱ्या मंडळाने ठरवली होती. चौदा पुरुष आणि मी. ही मंडळी दर रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी जमतात, एकच धून तीन वेगवेगळ्या वायरींवर तीनदा ऐकतात आणि मग दुपारपर्यंत भांडतात. यंदाची सहल होती स्पीकरच्या कारखान्यात. लहान मुलं सुद्धा सहलीला इतकी नटूनथटून येत नाहीत.

मंडळात ह्यांचा मान मोठा. सगळे ह्यांना ‘कान’ म्हणतात. धून संपली की अध्यक्ष विचारतात, “कानांचं काय म्हणणं?” आणि हे बोलेपर्यंत कुणाचंच मत तयार होत नाही. नोकरी संपल्यापासून ह्यांना कुणी काही विचारतं ते तेवढंच. घरात मी विचारते, पण ते भाजी कोणती आणू एवढ्यापुरतं.

गेले सहा महिने हे कान मोठ्या दुःखात होते. डावा स्पीकर मंद वाजतो म्हणे. आधी वायर बदलली. मग सोफा वीतभर सरकवला. मग गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकला. मग माझं पुस्तकांचं कपाट ‘आवाज खातं’ म्हणून बाहेर पॅसेजमध्ये गेलं. तरी डावा मंदच.

“अहो, दोघांची अदलाबदल करून बघा की,” मी एकदा म्हटलं. “डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.”

मी पोटची मुलं बदलायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षं डावा डावीकडेच वाजलाय, त्याचा पडदा त्या बाजूला रुळलाय, आता जागा बदलली तर दोन्ही हातचे जातील, असं त्यांनी मला समजावलं. दोघांच्या पाठीवर ‘डावा’ आणि ‘उजवा’ अशा त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्याही होत्या. मी नाद सोडला.

तसंही ते माझं कुठे ऐकत होते! सोफ्यावर माझी जागा त्यांच्या डाव्या हाताला. दहा गोष्टी बोलाव्या तेव्हा दोनांना उत्तर मिळायचं. मार्चमध्ये आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, त्या संध्याकाळी धीर करून मी त्यांना एक गोष्ट सांगितली. हे आपले धुनीवर मान हलवत बसले होते. मी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी मीच कंटाळून बोलायला लागले, तेव्हा कळलं की अबोला होता याचाच ह्यांना पत्ता नव्हता.

तर कारखान्याने ह्यांच्या पत्राला उत्तर दिलं होतं, ‘घेऊन या, तपासून देऊ.’ बसमध्ये अध्यक्षांनी मागे वळून विचारलं, “आणि त्यांना दोष सापडलाच नाही तर?”

“तर मला कान म्हणणं सोडा,” हे म्हणाले.

सगळी बस हसली. मला मात्र हसू आलं नाही. उद्या खरंच असं झालं तर रविवारी सकाळी हा माणूस कुठे जाणार, हे माझ्या डोक्यात आलं. “असं काहीतरी बोलून बसू नका हो,” मी हळूच म्हटलं. नेहमीप्रमाणे उत्तर नाही.

कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड. एका बाजूला केसाएवढ्या बारीक तारेची वेटोळी गुंडाळणारी यंत्रं, दुसऱ्या बाजूला कागदी पडदे चिकटवणाऱ्या बायका. मंडळी देवळात आल्यासारखी हळू आवाजात बोलायला लागली. एकाने प्रत्येक पेटीवर कलिंगड बघावं तसं बोटाने ठोकून पाहिलं. अध्यक्षांनी पडदा चिकटवणाऱ्या बाईंना डायरी उघडून विचारलं, “हा नेमका कोणता गोंद?”

“डब्यातला,” बाई म्हणाल्या आणि पुढचा पडदा उचलला. अध्यक्षांनी तेही लिहून घेतलं.

शेवटी चाचणीची खोली आली. तिथल्या ताई चाळिशीच्या, अंगात निळा कोट, पेन केसांत खोचलेलं. त्यांनी एका ड्रॉवरमधून पिवळं पडलेलं कार्ड काढलं. इथे म्हणे प्रत्येक स्पीकरचा आवाज मोजून त्याची रेघ काढतात आणि ज्यांच्या रेघा जुळतात त्यांचीच जोडी लावून बाहेर पाठवतात. आमच्या जोडीचं कार्ड बावीस वर्षं त्यांनी सांभाळून ठेवलं होतं. आमच्या घरात लग्नाचा अल्बम सापडत नाही.

ताईंनी डावा स्पीकर फोमच्या भिंतींच्या खोलीत ठेवला. जाड घुमण्यापासून बारीक शिट्टीपर्यंत आवाज सरकत गेला आणि संगणकाच्या पडद्यावर एक रेघ उमटली. ताईंनी ती कार्डावरच्या रेघेशी ताडून पाहिली.

“काका, काही फरक नाही. होता तसाच आहे.”

“यंत्राला काय कळतंय?” हे म्हणाले. “ऐकायला हवं.”

“ऐकायलाच हवं!” मागून चौदांपैकी तेरा जण म्हणाले.

मग आम्ही सगळे ऐकायच्या खोलीत गेलो. समोर डावीकडे आमचा स्पीकर, उजवीकडे त्याच जातीचा कारखान्यातला नवा, आणि मधोमध एक फिरती खुर्ची. हे खुर्चीत बसले, डोळे मिटले. धून सुरू झाली. मिनिटभराने म्हणाले, “डावा मंद.”

“मंदच आहे,” एक जण म्हणाला. “वरचे सूर अगदी गुदमरतायत,” दुसरा म्हणाला. अध्यक्षांनी डायरीत ‘मंद’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. मला विचाराल तर दोन्ही सारखेच वाजत होते, पण मला कोण विचारतंय!

ताई वाद घालायला गेल्या नाहीत. “काका, मी स्पीकरला हात लावत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच खुर्ची फिरवून स्पीकरकडे पाठ करा.”

ही काहीतरी खास कारखान्याची पद्धत असणार, असं वाटून मंडळी खूश झाली. अध्यक्षांनी ‘उलटं बसून ऐकणे’ अशी नोंद केली. ह्यांनी खुर्ची फिरवली. आता त्यांचं तोंड आमच्याकडे होतं. तीच धून पुन्हा लागली.

“आता कोणता मंद?”

ह्यांनी झटकन डावा हात वर केला आणि बाजूला दाखवायला गेले. हात अर्ध्यातच थांबला. आता त्या बाजूला नवा स्पीकर होता. त्यांनी उजव्या कानावर तळवा ठेवला, काढला. मग डाव्या कानावर ठेवला, काढला. पुन्हा उजव्यावर ठेवला.

मला कळलं. बहुतेक त्यांच्याबरोबरच कळलं. कपाट, गालिचा, दहातली दोन उत्तरं, मार्चमधले चार दिवस, सगळं एकदम कळलं. सहा महिने त्यांनी स्पीकरला बोल लावला आणि मी त्यांना. मला स्वतःची लाज वाटली. काहीही करून त्यांना तिथून बाहेर न्यावं, बस सुटतेय म्हणून सांगावं, असं वाटून मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहून ‘नको’ अशी मान हलवली.

“स्पीकर ठणठणीत आहे,” ते मोठ्याने म्हणाले. “माझा डावा कान गेलाय.”

ताईंनी धून बंद केली.

“पण मंद तर मलाही…” वरच्या सुरांवाल्याने सुरुवात केली.

“तुम्हालाही वाटला ना?” ताई म्हणाल्या. “मग बसा खुर्चीत. एकेकजण या.”

कुणीही खुर्चीकडे गेलं नाही. अध्यक्षांनी डायरीतल्या त्या दोन रेघांवर हळूच तिसरी रेघ मारली, ‘मंद’च्या अंगावरून. मग घसा खाकरून म्हणाले, “रविवारी माझ्याकडे आहे. याल ना?”

“एका कानाचा येऊन काय करू?”

“अहो, आम्ही दोन कानांचे असून तुमचंच तर ऐकत होतो,” अध्यक्ष म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “या बरं. खुर्ची उजवा कान बघून ठेवतो.”

निघताना ताईंनी मला बाजूला घेतलं. “काकू, उद्याच्या उद्या कानाच्या डॉक्टरांकडे न्या. लांबवू नका.” मी त्यांचा हात धरून ठेवला.

बसमध्ये ह्यांनी डावा स्पीकर कडेच्या जागेवर ठेवला आणि शाल काढून मला दिली. “तू खिडकीशी बस,” म्हणाले आणि स्वतः मध्ये बसले. आता मी त्यांच्या उजव्या हाताला होते. बस बरीच पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, “डावीकडून सहा महिने काय काय बोललीस?”

“काय बोलणार! पंखा बंद करा. चहा निवतोय. माझं कपाट आत आणा.”

“एवढंच?”

“मार्चमधलं एक राहिलंय.”

“ते सांग.”

तीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला तेच वाक्य दुसऱ्यांदा सांगताना मला घाम फुटला. पुढे अध्यक्ष, मागे मंडळी. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, “तुम्ही घरात असलात की मला बाकी कुणाची वाट बघावीशी वाटत नाही.”

ते आणखी माझ्याकडे सरकले.

“परत म्हण,” मग म्हणाले. “नीट ऐकू आलं नाही.”

उजवा कान अगदी शाबूत आहे, हे मला आता पक्कं ठाऊक होतं. तरी मी परत म्हटलं.