बासिलियाच्या चादरीवरची ओली भाजी

मी बासिलियाची आवायो बोलतेय. आवायो म्हणजे पाठीवर पोर बांधायची, बटाटे वाहायची अन् पंगतीला अंथरायची लोकरी चादर. बोलिव्हियाच्या या गार पठारावर, तळ्याकाठी, तिनं मला स्वतः विणलं. गुलाबी पट्टा मनासारखा होईना, तर उसवून पुन्हा विणला. बाईच तशी!

तिची लेक नासारिया माझ्या झोळीत वाढली. मोठी झाल्यावर मेंढरांमागं जायची. मेंढरं ओहळाच्या पाण्यात उगवणारी पालेभाजी खायची, तीही तीच खुडून कच्ची चघळायची. मग तिच्या उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. पोर वाळत चालली.

त्याच सुमारास घरची मेंढी कापली, तर कलेजीत पानासारखे चपटे किडे! "मेंढरांचं दुखणं मेंढरांना. तेवढं कापून टाक की," नणंद फर्मिना म्हणाली.

"पण वन्सं, मेंढी न् पोर, दोघींचं ताट एकच आहे हो!" बासिलिया म्हणाली, अन् पोरीला माझ्यात गुंडाळून तिनं दवाखाना गाठला. नर्सबाईंनी तपासून तेच किडे सांगितले. गोळ्या दिल्या, अन् बजावलं, "मेंढरांच्या लेंड्यांतून हे ओहळात जातं, तिथून भाजीवर बसतं. पुन्हा कच्ची खाल्लीस, तर पुन्हा हेच."

नासारिया सावरली. मग गावची पंगत आली. आमच्यात ज्यानं त्यानं घरचं आणून चादरीवर मांडायचं अन् सगळ्यांनी मिळून खायचं. कुणाचं नाकारलं, तर त्याला भर पंगतीत थोबाडीत मारल्यासारखं. फर्मिनानं नेमका ओहळाच्या भाजीचा ओला, कच्चा ढीग माझ्यावर ठेवला. भिडेपोटी नासारियानं हात पुढं केला. माझा तर धागा न् धागा ताणला गेला!

बासिलियानं तिचा हात धरला.

"काय गं वहिनी, आमच्या हातचं आता विष झालं का?" फर्मिना कडाडली.

"विष कशाला, वन्सं? एवढी कोवळी भाजी आणलीत, अन् ती मी गारढोण वाढू? लोक मला हसतील." बासिलियानं ढीग उचलला अन् शेण्यांवर उकळत असलेल्या सुपाच्या हंड्यात सोडला. चांगली उकळी येऊ दिली. पहिला वाडगा नणंदेलाच.

फर्मिनानं घोट घेतला. "लबाड आहेस मेली," म्हणाली, "वाढ अजून."

वा गं माझी बाई! कुणाचा पाणउतारा केला नाही, अन् लेक राखली.

आता मी विरलेय. माझ्यात नासारियाची तान्ही निजते. फर्मिना म्हातारी झाली, तरी पंगतीला तीच भाजी आणते. बायांनो, मी फाटेपर्यंत मला अंथरा. पण आधी चूल पेटवा. फर्मिनाचं बघा ना, लांबूनच ओरडत येते, "हंडा ठेवलाय ना गं?"