यादीतला बारावा प्रकार

शुक्रवारी दुपारी तीन वाजता, वसई पूर्वेच्या आमच्या ऑफिसात, शेजारच्या टेबलावरच्या कॅरलनं मला चाचणीचा आकडा दाखवला. डेटाची एक लाख पॅकेटं पाठवली होती, पोचली सत्त्याण्णव हजार.

पाच वाजता आमच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ग्राहकाला जायचा होता. माझ्या प्रोबेशनचाही तो शेवटचा दिवस होता. कार्ड पॅकेटांचे कोणते प्रकार ओळखतं, याची ड्रायव्हरमधली यादी मी लिहिली होती. बारा प्रकार. ड्रायव्हरकडून पॅकेटं घेणारा वरचा प्रोग्रॅम ती यादी सुरुवातीला एकदाच विचारतो. यादीतला प्रकार तो स्वतः उघडून बघत नाही, कार्डानं लावलेल्या खुणेवर विसंबतो. खूण नसलेलं पॅकेट यादीबाहेरच्या प्रकारांसाठी तेवढं स्वतः तपासतो, त्यात बसलं नाही तर टाकून देतो.

"उन्नती, हरवलेली सगळी एकाच प्रकारची आहेत," आगाशीची सुकेळी चघळत कॅरल म्हणाली. "जादा हेडरवाली आयपीव्ही सिक्स. तपासलेलीस ना तू?"

"अकरा तपासले. हा बारावा कार्डाच्या मॅन्युअलमधून घेतला."

"वा! लग्नपत्रिकेवरची नावं. छापली म्हणजे येणारच!"

मॅन्युअल पुन्हा उघडलं. तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप होती: हा प्रकार पुढच्या मॉडेलपासून.

ओळ काढून चाचणी पुन्हा चालवली. लाखाच्या लाख पोचली. तो प्रकार आता प्रोग्रॅम स्वतः तपासत होता, त्यामुळे वेग नऊ टक्क्यांनी उतरला. पण ग्राहकाच्या कागदावर बारा लिहिले होते.

आमच्या टीमचे प्रमुख जितेश सर, त्यांना सगळं सांगितलं.

"ती ओळ नसती तर प्रोग्रॅमनं निमूट स्वतः बघितलं असतं," ते म्हणाले. "तू म्हणालीस, मी बघते. म्हणून तो निवांत बसला." त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "बारा मी सांगितले होते, तुझ्या भरवशावर. अकरा तू सांग."

ग्राहकाकडच्या विनिता मॅडमनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे अकरा तरी नक्की?"

"हो. प्रत्येकाची दहा हजार पॅकेटं पाठवून बघितलीत. निकाल आत्ता पाठवते."

"पाठवा. नऊ टक्के चालतील. हरवलेली चालली नसती."

फोन ठेवला. नोकरीचं विचारायचा धीर होईना. सरांनीच ड्रॉवरमधून मला कायम करण्याचं पत्र काढलं, त्यावरची आजची तारीख खोडली आणि तीन महिने पुढची घातली.

"तोवर प्रत्येक ओळ आधी कॅरलला दाखवायची."

"आणि सुकेळी तिनं आणायची," मागून कॅरल म्हणाली.

मी जागेवर येऊन यादी पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासायला घेतली.