रत्नाक्काच्या डग्ग्याचा घुमारा

मार्गशीर्षातलं ऊन. कोवळं, केशरी, कृष्णेच्या पाण्यावरून उठून मिरजेच्या त्या बोळात अलगद उतरलेलं ऊन. ओट्यावरच्या पितळी डग्ग्यांवर ते झगमगत होतं, आणि त्या झगमगाटात रत्नाक्का गुरव तोंड पाडून बसली होती.

तीस वर्षं तबल्या-डग्ग्यांना शाई भरणारी ही बाई! काळ्याकुळकुळीत शाईचा थरावर थर, थरावर थर. शाईचं वजन वाढलं की सूर उतरतो, चामड्याची वादी ताणली की सूर चढतो, हे तिच्या बोटांना झोपेतही ठाऊक. पण वर्षभर डग्ग्याचा घनगंभीर घुमारा तिला ऐकूच येईना. मग काय, घुमारा यावा म्हणून बाई शाई वाढवत सुटली! एकेक करून वादक डग्गे परत आणू लागले. "अक्का, पार बसलेत हो हे!" कान गेला, आता हातातलं कामही गेलं, असं तिनं मनाशी धरलं आणि दोन दिवस धड जेवली नाही.

शेवटी ती कानाच्या दवाखान्यात गेली. त्या शुभ्र, नीरव खोलीत तपासणाऱ्या शाल्मलीबाईंनी तिच्या कानात रबरी बोंड बसवलं. "आवंढा गिळू नका हं, अक्का." यंत्र गुणगुणू लागलं, खर्जातून वर, आणखी वर. कानाचा पडदा आणि त्यामागची तीन इवली हाडं कुठल्या सुराला सगळ्यांत मोकळी डोलतात, ते यंत्र शोधत होतं. निरोगी कान डोलतो ती नेहमीची जागा आली, गेली. सूर चढतच राहिला.

"तुमचा कान फारच चढ्या सुराला डोलतोय," शाल्मलीबाई म्हणाल्या.

"अगं बाई! मग कानाची शाई नाही वाढलेली. वादी ताणली गेलीय!"

शाल्मलीबाई खळखळून हसल्या. "अगदी बरोबर! कान जड झाला असता तर सूर उतरला असता. हा ताठरलाय. आतलं हाड जखडलं असावं, म्हणून खर्जच अडतो. डॉक्टर बघतील, बहुतेकदा शस्त्रक्रियेनं मोकळं होतं." मग त्यांनी नादकाट्याचा झणझणता चिमटा कानामागच्या हाडावर टेकवला. नाद थेट आत शिरला, स्वच्छ, भरदार. आतला कान शाबूत होता! अक्काच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

घरी येताच तिनं पदर खोचला. परत आलेल्या एका डग्ग्यावरचे जादा थर खरवडले, घासले, पुसले. मग कानामागचं हाड पितळेला टेकवलं आणि पंजा मारला.

बोळातली माणसं थबकली. अक्का डग्ग्याला डोकं लावून बसलीय, आणि हसतेय!

हसू दे. पितळेतून हाडात, हाडातून अंतरात, वर्षभर रुसलेला तो सावळा, सखोल नाद तिच्याकडे परत येत होता. घुम्... घुम्... घुम्.