एका बुटाची शिडी

मी एक जुनी शिडी आहे. दहा पायऱ्यांची, ॲल्युमिनियमची, आणि काही काळ डाव्या पायाने अनवाणी राहिलेली. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, शिडीला कसलं आलंय आयुष्य? लोकांनी वर जायचं आणि तिने तिथेच उभं राहायचं. खरं आहे तुमचं. पण जी स्वतः कधी वर जात नाही, तिला वर जाणाऱ्यांचे तळपाय चांगले ओळखता येतात. आणि माणूस शहाणा आहे की घाईत आहे, हे आधी तळपायाला कळतं, मग डोक्याला.

माझा जन्म नव्या मुंबईतल्या पावणे गावचा. तिथल्या एका शेडमध्ये उदयसिंह नावाचा कारागीर आम्हा शिड्यांना घडवायचा. चांगला आडव्या अंगाचा माणूस. नवी शिडी तयार झाली की तो स्वतः प्रत्येक पायरीवर उभा राहून दोन उड्या मारायचा. "माझ्या वजनाला टिकली, तर दुनियेच्या वजनाला टिकेल," असं त्याचं गणित होतं. शेवटी त्याने माझ्या दोन्ही पायांत काळे रबरी बूट घातले. खाली दाते असलेले, जमीन घट्ट पकडणारे. म्हणाला, "पोरीला अनवाणी सासरी पाठवायची नाय."

माझं सासर शेजारच्याच शेडमध्ये तयार होत होतं. ते होतं चाकांवरचं घर. जीपच्या मागे जोडून न्यायचं, आत दोन पलंग, छोटी शेगडी, एक खिडकी आणि त्या खिडकीला निळा पडदा. मालकाचं नाव रज्जाकभाई. तुर्भ्याला त्यांनी तीस वर्षं ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान चालवलं. दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि जन्मभराची हौस बाहेर काढली. जगभराच्या ट्रकवाल्यांना दोर विकला, आता आपणही कुठेतरी जावं, एवढीच ती हौस.

त्यांच्या बायकोने, फातिमाभाभींनी, पहिल्या दिवशी ते घर बाहेरून पाहिलं, आतून पाहिलं आणि म्हणाल्या, "डबा छान आहे. पंखा आहे का?"

"लावू ना."

"पंखा फिरेल तेव्हाच मी डब्यात बसेन."

म्हणून छपरावर सूर्याच्या उन्हावर वीज करणारी दोन पॅनल बसली. ती पुसायला कुणीतरी वर चढायला हवं, म्हणून मी आले. एका पंख्यापायी माझं लग्न ठरलं म्हणा ना.

निघताना उदयसिंहाने रज्जाकभाईंना पाच गोष्टी सांगितल्या. "चाचा, आधी डब्याच्या चाकांखाली दगड, नायतर तुम्ही चढाल आणि घर चालू लागेल. शिडी भिंतीला चिकटून उभी करायची नाय, जेवढी उंची त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढे पाय बाहेर. वरचं टोक छपराला बांधायचं. चढताना हातात काय धरायचं नाय. आणि हिचे बूट बघत जा."

रज्जाकभाई हसले. "बांधायचं मला शिकवतोस?"

ते खरंच होतं. त्यांच्यासारखी गाठ मी कुणाची पाहिली नाही. दोन वेढे, एक पीळ, एक झटका, आणि मी छपराला अशी जखडले जायची की वादळालाही माझी परवानगी घ्यावी लागली असती. मग ते "बिस्मिल्ला" म्हणून पहिल्या पायरीवर पाय ठेवायचे. फातिमाभाभी खाली मला धरून उभ्या.

"धरलंय ना?"

"धरलंय. बोलू नका, चढा."

काय दिवस होते ते! काशिद, मुरूड, दिवेआगर. मला डब्याच्या पाठीवर बांधलेलं असायचं, म्हणून मी सगळे रस्ते उलटे पाहिले. येणारं गाव मला कधी दिसलं नाही, पण सुटलेलं प्रत्येक गाव मी डोळे भरून पाहिलं. सोसायटीत परत आलो की तळमजल्यावरचे श्यामसुंदरकाका गॅलरीतून विचारायचे, "काय रज्जाकभाई, शिडी परत आणलीत ना? मला उद्या पंखा पुसायचाय." काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं खांबावर चढले, पण घरात स्टुलावर चढायचं म्हटलं तरी ते धरायला बायकोला हाक मारायचे. मला ते उगाच नाही आवडायचे.

पण मित्रांनो, कौतुकाचे दिवस फार टिकत नाहीत. वस्तू सवयीची झाली की तिच्याकडे बघणं बंद होतं.

दिवेआगरच्या ओल्या वाळूत माझा डावा बूट रुतून राहिला. रज्जाकभाईंनी जुन्या चपलेचा तुकडा कापला, माझ्या पायाला दोरीने बांधला आणि म्हणाले, "टेन्शन नाय. पावण्याला गेलो की नवा घालू." पावण्याला जाणं होत राहिलं, बूट राहत गेला. दोन महिन्यांत चपलेचा तुकडाही गळाला. फातिमाभाभी आठवण करायच्या. उत्तर ठरलेलं, "उद्या." त्या उद्याची मी डाव्या पायावर उभी राहून वाट पाहिली.

त्याच सुमारास रज्जाकभाईंच्या मनात आलं की डब्यात छोटा फ्रीज हवा. मुरूडची मासळी घरापर्यंत ताजी आली पाहिजे. फ्रीजसाठी तिसरं पॅनल आलं. ते बसवायला माहीतगार माणूस बोलवा, असं श्यामसुंदरकाकांनी दोनदा सांगितलं.

"दोन तारा तर जोडायच्यात, काका. तीस वर्षं दोर विकलाय मी."

आणि त्यांनी तारांना गाठ मारली. दोन वेढे, एक पीळ, एक झटका. वर काळी पट्टी गुंडाळली. मी शेजारी उभी होते. गाठ नेहमीसारखीच देखणी होती. ओढून बघितली, सुटेना. दोराला एवढं पुरतं. पण तारेचं मागणं वेगळं असतं, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. तारेला नुसतं घट्ट राहून भागत नाही, तांब्याला तांबं सगळीकडून नीट भिडावं लागतं. कुठे अर्धवट भिडलं, की तिथे वीज अडखळते. आणि अडखळलेली वीज तापते.

त्यातच आली आंबोशी. कैरीच्या फोडी मीठ लावून कडक उन्हात वाळवतात, ती आंबोशी तुम्ही आमटीत खाल्ली असेल. फातिमाभाभींच्या माहेरी, म्हसळ्याला, दर वर्षी ती होते. त्यांची वहिनी एकदा म्हणाली, "तुमच्या तिकडे नव्या मुंबईत कसली गं आंबोशी? तिथे कैरीसुद्धा लिफ्टने वर जाते." झालं. भाभींनी पण केला की यंदा म्हसळ्याला आंबोशी जाईल ती माझ्या हातची.

सोसायटीच्या गच्चीवर वाळवण घालायला बंदी. पण डब्याचं छप्पर? दिवसभर ऊन, मांजर नाही, सेक्रेटरी नाही! भाभी मला लावून वर गेल्या, गोणपाट अंथरलं, वर फोडी मांडल्या. खाडीवरचा वारा गोणपाट उडवायचा, म्हणून त्याची टोकं त्यांनी पॅनलांच्या खाली खोचली. पॅनलाखाली चार बोटं जागा असते, ती हवा खेळायला ठेवलेली असते. तिथे आता सुकं गोणपाट होतं आणि त्याच्याखाली ती देखणी गाठ.

म्हसळ्याला निघायचा दिवस उजाडला. रज्जाकभाईंनी सकाळी डबा धुतला, त्यामुळे खालची फरशी ओली. जीप मागे घेऊन डबा जोडायचा, म्हणून चाकांखालचे दगड काढले. फातिमाभाभी आत डबे भरत होत्या. अकराचं ऊन, तिन्ही पॅनल भरात. आणि छपरावरून धुराची एक बारीक रेघ निघाली.

"अहो! माझी आंबोशी!" भाभी बाहेर धावल्या.

रज्जाकभाईंनी आधी आत हात घालून विजेचा खटका बंद केला. "बंद केलं, घाबरू नको," म्हणाले. मग उजव्या हातात पाण्याची बादली घेतली, डाव्या हाताने मला उचललं आणि डब्याला सरळसोट टेकवलं. पाय बाहेर नाहीत. वर गाठ नाही. पायात गुळगुळीत चपला. आजवर पहिल्यांदाच ते "बिस्मिल्ला" म्हणायचं विसरले. त्या तळपायांवरूनच मला कळलं की हा माणूस आज घाईत आहे.

मित्रांनो, त्या वेळी मला स्वतःच्या मुकेपणाचं फार वाईट वाटलं. मला बोलता येत नाही. मी रज्जाकभाईंना उदयसिंहाच्या पाच गोष्टींची आठवण करून देऊ शकत नव्हते. पहिली पायरी. दुसरी. डबा एकदा पुढे डुलला. तिसऱ्या पायरीवर बादलीचं वजन एका बाजूला गेलं आणि माझा अनवाणी पाय ओल्या फरशीवरून सरकला. 'किर्रर्र!' असा आवाज झाला की कानात गेला तर दात आंबावेत.

तेवढाच माझा आवाज. पण तो भाभींनी ऐकला, आणि गॅलरीतल्या काकांनीही.

फातिमाभाभींनी बाकी सगळं सोडून माझ्या पायावर पाय रोवला आणि दोन्ही हातांनी नवऱ्याचा सदरा धरला. "उतरा खाली!"

"अगं, तुझी आंबोशी..."

"आंबोशी गेली खड्ड्यात! आंबोशी पुढच्या वर्षी होईल. तुम्ही होणार आहात का पुढच्या वर्षी? उतरा!"

तोवर श्यामसुंदरकाका गॅलरीतूनच ओरडले, "रज्जाकभाई, पाणी टाकायचं नाही! खटका बंद केला तरी वरची वीज बंद होत नाही. ऊन आहे तोवर पॅनल वीज करतच राहणार. आणि शिडी ॲल्युमिनियमची आहे!"

हे शेवटचं वाक्य ऐकून मला खरं तर लाज वाटली. पण काका बरोबर होते. वीज माझ्या अंगातून अशी धावते, जणू तिच्यासाठीच मला घडवलंय. रज्जाकभाई एक एक पायरी खाली आले. तिसरी, दुसरी, पहिली. त्यांचे पाय जमिनीला लागले तेव्हा फातिमाभाभींनी सदरा सोडला. सदऱ्याची दोन बटणं त्यांच्या मुठीतच राहिली.

काकांनी अग्निशमन दलाला फोन लावला. सगळ्यांना लांब उभं केलं. भाभींना आत जाऊन पिशव्या आणायच्या होत्या. काकांनी हात आडवा धरला, "भाभी, आत गॅस आहे. कपडे परत शिवता येतात."

बंब आला. त्याच्यावर एक शिडी होती! मी जन्मात पाहिली नव्हती अशी. माझ्यासारख्या दहा एकावर एक ठेवल्या तरी तिच्या कमरेला लागणार नाहीत. आमच्या डब्यासाठी तिला उघडावंच लागलं नाही, ती पाठीवर आडवी पडून नुसती बघत होती. मला वाटलं, पाहुणे आले आणि आपण अनवाणी.

जवानांनी आपल्या पद्धतीने काम केलं आणि थोड्याच वेळात आग विझली. तिसरं पॅनल गेलं, छपराला हातभर भोक पडलं, निळा पडदा काळा झाला. माणसं सगळी शाबूत. एक जवान हातमोज्यात काहीतरी काळं घेऊन आला.

"ही गाठ कुणी मारली?"

रज्जाकभाईंनी ती हातात घेतली. पट्टी वितळलेली, तारा करपलेल्या. त्यांनी सवयीने ओढून पाहिली.

"सुटली नाही," ते हळूच म्हणाले.

"सुटली असती तर बरं झालं असतं, चाचा," जवान म्हणाला.

मग फातिमाभाभींनी छपराकडे बघून उसासा टाकला, "मी खोचलेलं गोणपाट नसतं, तर एवढं पेटलंही नसतं. दोघांनी मिळून केलं." आणि मुठीतली बटणं नवऱ्याच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "ही तरी नीट लावून घ्या. गाठ मारू नका."

तेव्हा रज्जाकभाई हसले. मग काका हसले. मग तो जवानही.

दुसऱ्याच दिवशी, हो, ज्या 'उद्या'ची मी वाट पाहत होते त्याच दिवशी, मला पावण्याला नेलं. उदयसिंहाने माझा डावा पाय हातात घेतला आणि रज्जाकभाईंना असं काही झापलं की ते शब्द मी इथे सांगत नाही. त्याने दोन्ही पायांत नवे बूट घातले, सगळ्या पायऱ्यांवर उड्या मारून बघितल्या. त्याचं वजन वाढलंय. माझं माहेरपण झालं.

डब्याचं छप्पर नीट झालं. आता पॅनलं दोनच आहेत. तारांची जोडणी माहीतगार माणसाने केली, आणि तो दर वर्षी येऊन बघून जातो. पॅनलांखाली सुकलेलं पान जरी दिसलं तरी भाभी खालून ओरडतात.

आणि आंबोशी? ती पुढच्या वर्षी खरंच झाली. श्यामसुंदरकाकांच्या गॅलरीपुढच्या अंगणात दोन खुर्च्या मांडल्या, त्यांवर मला आडवी टेकवली, वर स्वच्छ धुतलेली जुनी चादर, आणि चादरीवर फोडी. आयुष्यात पहिल्यांदा मी उभी न राहता कामाला आले. वर आकाश दिसत होतं. काका राखण करायच्या नावाखाली फोडी खात होते.

"काका, मोजल्यात मी!" भाभी वरून ओरडल्या.

"कावळा होता, भाभी!"

म्हसळ्याच्या वहिनीने आंबोशी तोंडात टाकली आणि म्हणाली, "बरी आहे." फातिमाभाभी आठवडाभर खूश होत्या.

मित्रांनो, आता मी थोडी वाकले आहे, अंगावर ओरखडे आहेत, पण माझे दोन्ही पाय जमिनीवर आहेत. एकच मागणं आहे. घराबाहेर पडताना तुम्ही स्वतःच्या चपला बघून घालता ना? मग माझ्यावर चढण्याआधी एकदा वाकून माझ्याही बघा. वर धूर दिसला तर मला हात लावू नका. लांब जा आणि मोठ्याने हाक मारा. आणि रज्जाकभाई आता दुकानात पुतण्याला सांगतात ते तुम्हीही लक्षात ठेवा. गाठ शिडीला मारावी, तारेला कधी मारू नये.